बर्नर घ्या घराच्या मापाचा, लावा वजनकाट्यावर

वाचकाचं पत्र: आम्ही पोलंडमध्ये व्रोत्सवाफजवळच्या एका गावात राहतो. गेल्या वर्षी १३० चौरस मीटरचं जुनं घर घेतलं. तळघरात २५ किलोवॉटचा कोळशाचा बॉयलर आहे, त्यावर कुठल्याही प्रमाणपत्राची पाटी नाही. आधीच्या मालकाला हिवाळ्याला ४ टन कोळसा लागायचा. अंघोळीचं पाणी विजेवर तापतं. एक मिस्त्री म्हणतो, याच बॉयलरच्या दारात २५ किलोवॉटचा पेलेट बर्नर (लाकडाच्या भुशाचे दाबलेले दाणे जाळणारा) बसवून देतो, स्वस्तात काम होईल. दुसरा म्हणतो, सगळंच बदला. शेजाऱ्यांच्या बर्नरमधून अर्धवट जळलेले दाणे आणि दगडासारखे गोळे निघतात. आम्ही कोणता बर्नर घ्यावा आणि तो लावायचा कसा? डिसेंबरात सांगलीहून आई-बाबा येणार आहेत. दिवसभर घरी तेच असतील, म्हणून जास्त काळजी वाटते.

उत्तर:

दुसऱ्या मिस्त्रीचं ऐका. तुमच्या प्रांतात, म्हणजे लोअर सायलेशियात, धूर आणि कार्यक्षमतेच्या कुठल्याच प्रमाणित वर्गात न बसणारे बॉयलर चालवायला १ जुलै २०२४ पासून बंदी आहे, आणि जुन्या बॉयलरच्या दारात नवा बर्नर बसवला म्हणून तो बॉयलर वर्गात येत नाही. प्रमाणपत्र बॉयलर आणि बर्नर यांच्या जोडीला मिळतं, सुट्या बर्नरला नाही. खुद्द व्रोत्सवाफ शहराच्या हद्दीत नियम याहून कडक आहेत, तेव्हा घर हद्दीबाहेर आहे ना, हे पैसे देण्याआधी ग्मिनाच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, कार्यालयात विचारून घ्या. नवा बॉयलर बसला की १४ दिवसांच्या आत इमारतींच्या उत्सर्जन नोंदणीत, म्हणजे सीईईबीमध्ये, त्याची नोंद करायची असते.

कायदा बाजूला ठेवला तरी ती जोडी जमत नाही. कोळशाच्या बॉयलरची भट्टी मोठी आणि धुराच्या वाटा रुंद असतात. पेलेटची ज्योत आडवी आणि जोरदार. ती समोरच्या पत्र्यावर आपटते, धूर पुरता थंड न होताच २५०-३०० अंशांवर चिमणीत शिरतो आणि विकत घेतलेली ऊष्णता आभाळात जाते.

आता माप. २५ किलोवॉटचा आकडा मिस्त्रीने जुन्या पाटीवरून उचललेला दिसतो. तुमच्या घराला किती लागतं ते त्या ४ टन कोळशातच लिहिलेलं आहे. कोळशाच्या एका किलोत साधारण ७ युनिट, म्हणजे किलोवॉट-तास, ऊष्णता धरा. असा जुना बॉयलर त्यातली ६० टक्के घरात पोचवतो. ४,००० गुणिले ७ गुणिले ०.६ म्हणजे १६,८०० युनिट. तुमच्या भागात पूर्ण भाराचे तास, म्हणजे बॉयलर सतत पूर्ण क्षमतेने चालला असता तर वर्षाची गरज भागवायला लागले असते तेवढे तास, २,००० च्या आसपास धरले तर भागाकार येतो ८.४ किलोवॉट. व्रोत्सवाफसाठी हिशोबाला धरायचं बाहेरचं तापमान उणे १८ अंश आहे. म्हणजे इतकी कडाक्याची थंडी पडेल त्याच दिवशी घराला ८.४ किलोवॉट लागतील. बाहेर ५ अंश असताना, आणि तुमच्याकडे हिवाळ्यातले पुष्कळ दिवस तसेच असतात, साडेतीनच्याही खाली भागतं.

बर्नर साधारण आपल्या क्षमतेच्या ३० टक्क्यांपर्यंत खाली येतो, त्यापुढे तो विझतो. २५ किलोवॉटच्या बर्नरची खालची पायरी साडेसात किलोवॉट. तुमच्या घरात तो उणे १४ अंशांच्या खालीच सलग जळेल, बाकी अख्खा हिवाळा पेटत-विझत काढेल. पेटताना आणि विझताना धूर सगळ्यात घाण असतो, काजळी तेव्हाच धरते, आणि दर पेटवण्यागणिक इग्नायटरचं, म्हणजे दाणे पेटवणाऱ्या विजेच्या कांडीचं, आयुष्य घटतं. १२ किलोवॉटचा घ्या. त्याची खालची पायरी ३.६ किलोवॉट, आणि पुढे अंघोळीचं पाणी त्याच्यावर घ्यावंसं वाटलं तरी पुरेल. सोबत पाण्याची साठवण टाकी बसवा, दर किलोवॉटला किमान २० लिटर या हिशोबाने २५० ते ३०० लिटरची. ऑक्टोबर-एप्रिलच्या कोमट दिवसांत बर्नर टाकी भरून निवांत विझेल, दहा-दहा मिनिटांनी पेटणार नाही.

बर्नरचे प्रकार पाहू. खालून ढकलणाऱ्या रिटॉर्टमध्ये स्क्रू जळणाला तळातून वर लोटतो. त्यात पेलेटच्या टाकीपासून ज्योतीपर्यंत जळणाची सलग रांग असते आणि आग उलटी मागे सरकण्याची भीती त्यातच जास्त. फिरत्या पिंपाचा बर्नर जळण ढवळत राहतो, त्यामुळे हलकं पेलेटही पचवतो. पण बेअरिंग, मोटर, साखळी असे फिरणारे भाग वाढतात आणि तेही आगीच्या शेजारी. तिसरा प्रकार वरून दाणे टाकणारा. बाहेरचा फीडर टाकीतून पेलेट वर नेतो, तिथून ते प्लास्टिकच्या नळीतून बर्नरमध्ये पडतात. ही नळी मुद्दाम वितळणारी असते. आग मागे आलीच तर नळी वितळून तुटते आणि टाकीचा संबंध सुटतो. म्हणून तिच्या जागी धातूचा पाइप कधीही बसवू नका, कोणी कितीही टिकाऊ म्हणून सांगो. आमच्या मते तुमच्यासाठी हाच प्रकार योग्य, दाणे ज्यावर जळतात ती जाळी आपोआप खरवडणारा. हाताने साफ करायची जाळी स्वस्त पडते, पण ती रोज साफ करावी लागते, आणि आठवड्याभराने कोणी रोज करत नाही.

दुकानात चकचकीत पडद्याच्या कंट्रोलरकडे नंतर पाहा. आधी विचारा की इग्नायटर हाताने काढता येतो का, तो वेगळा कितीला मिळतो, जाळी उष्णतारोधक पोलादाची किंवा बिडाची आहे का, फीडरची सेकंदं आणि पंख्याचे टक्के मालकाला बदलता येतात का, आणि धुराचं विश्लेषण करणारं यंत्र घेऊन येणारा तंत्रज्ञ तुमच्या गावापर्यंत येतो का. शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आलं तर दुसरा बर्नर बघा. धुरातला ऑक्सिजन मोजून हवा आपोआप लावणारा लॅम्डा सेन्सर परवडत असेल तर जरूर घ्या, पण तो असला तरी पुढचं वजनाचं काम चुकत नाही.

जळण: ईएनप्लस (पेलेटच्या दर्जाचं युरोपातलं प्रमाणपत्र) ए१ दर्जाचं, ६ मिलिमीटर जाडीचं. या दर्जात ओल १० टक्क्यांच्या आत, राख ०.७ टक्क्याच्या आत आणि किलोला किमान ४.६ युनिट ऊष्णता असावी लागते. पोत्यावर नुसतं चिन्ह पुरत नाही, त्याच्याजवळ देशाच्या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक हवा. एक टन घेण्याआधी १५ किलोचं एकच पोतं आणा. चाळणीने चाळून खाली पडलेला भुसा जोखा. पोत्यात भरताना तो अर्धा टक्का, म्हणजे ७५ ग्रॅमच्या आत असला पाहिजे. वाहतुकीत थोडा वाढतो, पण २०० ग्रॅम निघाला तर तो माल घेऊ नका. दोन-चार दाणे ग्लासभर पाण्यात टाका. चांगला दाणा तळाशी जातो आणि काही मिनिटांत फुलून त्याचा लाकडी भुसा होतो. तरंगणारा दाणा नीट दाबलेला नसतो.

सांगली-कोल्हापूरकडे भुईमुगाच्या टरफलांचा, भुशाचा ‘व्हाइट कोल’ कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळताना तुम्ही पाहिला असेल. तसंच इथेही पेंढ्याचं किंवा सूर्यफुलाच्या टरफलाचं पेलेट स्वस्तात मिळतं. ते या बर्नरमध्ये घालू नका. अशा शेतमालाच्या राखेत पोटॅश जास्त असतं, पेंढ्यात त्यासोबत सिलिकाही येते, आणि ती राख कमी तापमानाला वितळून जाळीवर खंगर होते. शेजाऱ्यांचे दगड बहुधा तेच आहेत. कारखान्याच्या भट्टीत तो माल चालतो, कारण तिची जाळी आणि राख काढायची सोय त्याच मापाची असते.

साधारण ४ टन पेलेट लागेल. किलोत ४.८ युनिट आणि बॉयलरची ८८ टक्के कार्यक्षमता धरली तर किलोमागे घरात ४.२ युनिट येतात. हा ४.२ चा आकडा बॉयलरजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे. घनमीटरला ६५० किलोच्या हिशोबाने सहा घनमीटरहून थोडी जास्त जागा हवी, कोरडी आणि हवेशीर. ताज्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो, म्हणून बंद कोंदट खोलीत साठा करायचा नाही.

जोडणीत दोन गोष्टी तंत्रज्ञाकडून वाजवून घ्या. रेडिएटरकडून परतणारं पाणी ५५ अंशांच्या खाली बॉयलरमध्ये जाता कामा नये, त्यासाठी मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच. थंड पाणी आत आलं की पोलादाच्या भिंतीवर धुरातली वाफ पाणी होऊन बसते आणि पत्रा गंजतो. दुसरी गोष्ट चिमणी. पेलेटचा धूर कोळशापेक्षा बराच थंड असतो, त्यामुळे जुन्या विटांच्या चिमणीत तो निवून पाझरतो. आत आम्लरोधक स्टेनलेसचा पाइप घाला. तळघराला बंद न करता येणारं किमान २०० चौरस सेंटिमीटरचं हवेचं तोंड हवं, आणि तिथे हवा ओढून बाहेर फेकणारा पंखा नको. तसा पंखा चिमणीचा धूर उलटा खाली ओढतो.

आता बर्नर लावणं. इथे बहुतेक जण पहिलीच पायरी गाळतात आणि मग दोन हिवाळे पंख्याचे टक्के वरखाली करत बसतात. कंट्रोलरला दाणे दिसत नाहीत. फीडर किती सेकंद फिरला एवढंच त्याला कळतं. त्या सेकंदांत किती ग्रॅम पडले हे तुम्ही त्याला सांगायचं असतं. कारखान्यात भरलेला आकडा त्यांच्या फीडरचा, त्यांच्या तिरकेपणाचा आणि त्यांच्या पेलेटचा असतो.

बर्नर थंड असताना नळी बर्नरकडून सोडवा आणि तिचं तोंड बादलीत ठेवा. फीडर हाताने चालू करा आणि दाणे सलग पडायला लागेपर्यंत, वर आणखी पाच मिनिटं, फिरू द्या. रिकामा स्क्रू भरायला वेळ लागतो, तो भरण्याआधी घेतलेलं माप खोटं येतं. बादली रिकामी करा, घड्याळ लावून बरोबर १० मिनिटं चालवा, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर जोखा. असं तीनदा. तिन्ही वजनांत ५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर टाकीच्या तळाशी भुसा साचलाय, दाणे कमान धरताहेत किंवा स्क्रू घसरतोय. ते आधी निस्तरा.

समजा सरासरी १,३०० ग्रॅम आली. म्हणजे तासाला ७.८ किलो. हा आकडा कंट्रोलरमध्ये भरा. कंट्रोलर स्वतः हिशोब करणारा नसेल तर तुम्ही करा. १२ किलोवॉटला ४.२ ने भागलं की तासाला २.८६ किलो. ७.८ च्या मानाने ते ३७ टक्के. २० सेकंदांच्या फेऱ्यात फीडर ७.३ सेकंद चालू, १२.७ बंद. खालच्या पायरीला, ३.६ किलोवॉटला, ०.८६ किलो, म्हणजे ११ टक्के, २.२ सेकंद. फेरा २० सेकंदांहून फार लांब ठेवू नका. दाणे ढिगाने पडले की दर ढिगाला ज्योत काळवंडते आणि पुन्हा उसळते.

पेलेटचा ब्रँड बदलला की बादलीचं माप पुन्हा. ३० मिलिमीटरचे लांब दाणे आणि १० मिलिमीटरचे आखूड दाणे यांच्यात त्याच स्क्रूतून पडणाऱ्या वजनाचा फरक १०-१५ टक्के सहज असतो. ‘कालपर्यंत छान चाललं होतं’ या तक्रारीमागे पुष्कळदा नवं पोतं असतं.

वजन पक्कं झाल्यावरच हवेला हात लावा. आणि हवा लावताना वजन बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. बॉयलर ६० अंशांच्या वर तापलेला, बर्नर पूर्ण क्षमतेवर अर्धा तास चाललेला असू द्या. तंत्रज्ञाचं यंत्र धुराड्यात घातलेलं असताना पंखा ३-३ टक्क्यांनी हलवा आणि दर वेळी १० मिनिटं थांबा. पूर्ण क्षमतेवर धुरात ७ ते ९ टक्के ऑक्सिजन आणि खालच्या पायरीला १० ते १२ टक्के हे लक्ष्य ठेवा. कार्बन मोनॉक्साइडची युरोपीय मर्यादा १० टक्के ऑक्सिजनच्या मानाने घनमीटरला ५०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ४०० पीपीएम (दहा लाख भागांत ४०० भाग). चांगला लावलेला बर्नर पूर्ण क्षमतेवर त्याच्या पुष्कळ खाली राहतो. हा वायू हवा कमी पडली तर वाढतोच, पण हवा फार झाली तरी वाढतो. जास्तीची हवा ज्योतीला थंड करते आणि वायू पुरता जळण्याआधीच पुढे निघून जातो. म्हणून धूर दिसला की पंखा वाढवायचा, हा नियम अर्धाच खरा आहे.

यंत्र नसेल त्या दिवसांत ज्योत पाहा. पिवळी-नारिंगी, भरलेली, टोकाशी स्वच्छ ज्योत बरोबर. लालसर, सुस्त, टोकाला काळी शेपटी असेल तर हवा कमी. आखूड, पांढुरकी, भुरभुर आवाज करणारी, ठिणग्या आणि न जळलेले दाणे राखेत उडवणारी ज्योत म्हणजे हवा जास्त. शेजाऱ्यांचे अर्धवट दाणे यामुळेही असू शकतात, किंवा दाणे जळून होण्याआधीच खरवडणी त्यांना पुढे ढकलत असेल. खरवडणीच्या वेळा लांबवून पाहा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

ऑक्सिजन विनाकारण जास्त दाखवत असेल तर पंख्याला दोष देण्याआधी उदबत्ती पेटवा आणि बॉयलरच्या दाराच्या कडेकडेने फिरवा. धूर जिथे आत ओढला जाईल तिथली दाराची फट बंद करणारी दोरी दबलेली आहे, ती बदला. चिमणीची ओढ साधारण १० ते २० पास्कल हवी. वाऱ्याच्या दिवशी ती फार वाढत असेल तर ओढ आवरणारी आपोआप उघडणारी झडप बसवा.

पेटवण्याचा पहिला घास १०० ते २०० ग्रॅमचा असावा. वरच्या उदाहरणातल्या फीडरने १५० ग्रॅम पडायला ७० सेकंद लागतात. घास कमी पडला तर इग्नायटर रिकामाच तापतो. घास जास्त झाला तर धुराने भट्टी भरते आणि मग एकदम भडका उडतो. त्यात दार उघडून तोंडावर आग आल्याचे अपघात झालेले आहेत. म्हणून पेटवणं फसलं तर पुन्हा बटण दाबायचं नाही. आधी धूर निघून जाऊ द्या, दार उघडून जाळीवरचे दाणे काढा, मग पुन्हा सुरू करा. इग्नायटर गरम होतोय आणि दाणेही पेटताहेत, तरी कंट्रोलर ‘ज्योत नाही’ म्हणत असेल तर ज्योत ओळखणाऱ्या फोटोसेलवर काजळी आहे, मऊ कोरड्या फडक्याने पुसा. एक इग्नायटर आणि एक नळी घरात ठेवा, ती बहुधा सुट्टीच्या दिवशीच लागतात.

दहा पोती जळली की राख जोखा. १५० किलो ए१ पेलेटची राख एक किलोच्या आसपास किंवा कमी भरली पाहिजे. तीन किलो निघाली आणि रंग काळा असेल तर ते जळण आहे, पुरतं न जळलेलं. करडी, पिठासारखी पण वजनाला जास्त असेल तर पेलेट सांगितल्या दर्जाचं नाही. महिन्यातून एकदा टाकी तळापर्यंत रिकामी करून भुसा काढा. धुराचं तापमान बॉयलर साफ असताना टिपून ठेवा. त्याच क्षमतेवर ते २०-३० अंशांनी वाढलं की आतल्या नळ्यांवर काजळी बसली, ब्रश काढा. चिमणी घन इंधनासाठी दर तीन महिन्यांनी साफ करून घ्यावी लागते.

आई-बाबांबद्दल. त्यांनी बंबात ढलप्या सारून पाणी तापवलं असेल तर आग धुमसली की दार उघडून हवा द्यायची, ही सवय त्यांच्या हाताला असेल. इथे तेच धोक्याचं आहे. पंखा चालू असताना भट्टीचं दार उघडायचं नाही आणि टाकीचं झाकण उघडं ठेवायचं नाही, हे त्यांना बॉयलरसमोर उभं करून दाखवा. तळघरात आणि त्यांच्या झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, आणि चाचणीचं बटण दाबून त्याचा आवाज त्यांना ऐकवून ठेवा. तो वाजला तर बर्नरकडे बघायलासुद्धा जायचं नाही. दोघांनी कोट चढवून सरळ बाहेर यायचं आणि ११२ ला फोन लावायचा. घराचा पत्ता पोलिश उच्चारासह देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे फोनवर त्यांना तो वाचून सांगता येईल.